गाडीवर बसूनच पेट्रोल भरता? पंपावरच्या या चुका टाळा

बाजाराचा दिवस, मे महिन्यातली दुपार, पंपावर लाईन लागलेली. एका गाडीवर तिघं-चौघं, समोर टाकीवर पोरगं, मग बाप, मागे आई मांडीवर भाजीची पिशवी घेऊन, आणि बाप बसल्या बसल्याच टाकीचं झाकण उघडतो, पोराला म्हणतो "मांगं सरक बे", आणि मला म्हणतो "शंभरचं टाक भाऊ". कोणीच उतरत नाही. हे मी रोज बघितलंय, कारण यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या ठिकाणच्या एका पंपावर मी ४ वर्षं पेट्रोल भरायचं नोझल धरलंय. तेव्हा खाली जे लिहितोय ते बोर्डावर लिहिलेलं वाचून नाही, रोज १२-१२ तास तिथं उभं राहून लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात घ्या, मग बाकी सगळं आपोआप समजतं. पेट्रोल जळत नाही, पेट्रोलची वाफ जळते. आणि ही वाफ उणे ४० अंशातही पेटण्याएवढी निघते, आपल्याकडे तर ४५-४६ चं ऊन. हवेत ही वाफ १.४ ते ७.६ टक्के असली की ठिणगीचीच वाट बघत असते. वरून ती हवेपेक्षा तीन-चार पट जड, म्हणजे वर उडून जात नाही, टाकीच्या तोंडातून निघाली की खालीच उतरते. आता बघा तुमच्या गाडीत टाकीच्या खाली काय आहे? इंजिन, प्लग, सायलेन्सरचा तापलेला बेंड. आणि दोन्ही बाजूला काय? तुमच्या मांड्या. कारवाल्याची टाकी त्याच्या मागे असते, तुमची तुमच्या दोन पायांच्या मधात असते. म्हणून कारवाला आत बसून राहिला तर एकवेळ चालेल, तुम्ही नाही. काही झालं तर बसलेल्या माणसाला गाडीवरून पाय काढायलाच दोन-तीन सेकंद लागतात आणि घाबरून तो गाडी पाडतो, मग उघड्या टाकीतलं सगळं पेट्रोल जमिनीवर.

म्हणून चूक नंबर एक, न उतरणं. सगळ्यांनी उतरायचं, पोरगं आधी, बाईमाणूस आणि पिशव्या तिकडं ऑफिसच्या बाजूला सावलीत, आणि चालवणाऱ्याने गाडी स्टँडवर लावून बाजूला उभं राहायचं. डबल स्टँड असला तर उत्तम, गाडी सरळ राहते आणि टाकीत किती आलं ते बरोबर दिसतं. लोक म्हणतात लाईन आहे, टाईम जाते. अरे बावा, उतरायला १० सेकंद लागतात, तेवढ्या वेळात तंबाखू-सुपारीचा खर्रासुद्धा घोटून होत नाही.

इंजिन बंद करा हे सगळ्यांना माहीत आहे, तरी होतं काय की जुन्या गाडीचा चाबीचा लॉक घासलेला असतो आणि चाबी इंजिन चालू असतानाच निघून येते. मग तीच चाबी टाकीच्या झाकणाला लावली की लोकांना वाटतं चाबी तर काढली, गाडी बंदच असेल. नसते. खाली फटफट चालू असते आणि वरून मी पेट्रोल ओततोय. असा लॉक असेल तर आधी इंजिन थांबलंय का ते कान देऊन ऐका, आणि पहिल्या पगारात लॉक बदला. तसंच प्लगची वायर फुटलेली असली की रात्री अंधारात इंजिनजवळ निळी ठिणगी उडताना दिसते, तुम्हीसुद्धा बघितली असेल, ती दिवसापण उडतेच, फक्त दिसत नाही. अशी गाडी घेऊन पंपावर येऊच नका, वायर काही फार महाग नाही.

टाकीला झाकण नसणं हा आपल्याकडचा वेगळाच प्रकार. झाकण हरवलं की चिंधी कोंबतात, नाही तर प्लास्टिकची पन्नी लावून वर रबर. चिंधी पेट्रोल पिते आणि वातीसारखं काम करते. पन्नीचा वेगळा त्रास आहे, तो खाली सांगतो.

आता "गळ्यालोक भर", म्हणजे टाकी पार काठोकाठ भर, याबद्दल. पंप सोडताना लोकांना टाकी अशी हवी असते की झाकण लावताना वर आलं पाहिजे, आणि नोझलवाला थांबला की "अजून बसते त्यात, हालव गाडी". कंपनीच्या पुस्तकात स्पष्ट असतं की टाकीच्या तोंडाच्या आत जी गळ्यासारखी पट्टी उतरलेली असते तिच्या खालच्या काठापर्यंतच भरायचं. वरची जागा रिकामी सोडलेली असते ती पेट्रोलला फुगायला. पेट्रोल जमिनीखालच्या टाकीतून थंड येतं, तुमची टाकी उन्हात तापलेली, १५ अंशांनी जरी गरम झालं तरी १० लिटरमागे साधारण १४० मिली वाढतं. स्प्लेंडरसारखी ९.८ लिटरची टाकी काठोकाठ भरून तुम्ही कचेरीसमोर उन्हात लावली की एक मोठा चहाचा ग्लासभर पेट्रोल कुठं जाणार? झाकणाच्या भोकातून बाहेर, खाली इंजिनवर. दर उन्हाळ्यात मोबाइलवर मेसेज फिरतो की टाकी फुल केली तर स्फोट होतो, अर्धीच भरा. ते खोटं आहे. फुल भरा, पण फुल म्हणजे पट्टीपर्यंत. सकाळी भरलं तर जास्त मिळते हाही असाच एक समज, जमिनीखालच्या टाकीचं तापमान सकाळ-दुपार फारसं हलत नाही, तेव्हा त्यासाठी झोपमोड करू नका.

सांडलंच तर? सांडतं, नोझल बाईकच्या टाकीत पूर्ण आत जात नाही, म्हणून कारसारखं आपोआप बंद होणं बाईकला नीट जमत नाही आणि शेवटचं पेट्रोल उसळून येतं. तेव्हा तिथंच किक मारायची नाही. फडक्याने पुसा, गाडी ढकलत १५-२० फूट पुढं न्या, पाच मिनिटं उडून जाऊ द्या. तसं न सांडलं तरी झाकण घट्ट लावून गाडी मशीनपासून थोडी पुढं ढकलून मगच चालू करा, विशेषतः ज्यांच्या सायलेन्सरमधून फटाके फुटतात त्यांनी. बुलेटवाले पोट्टे, तुमच्याशीच बोलतोय.

स्टॅटिक म्हणजे काय ते आपल्याला थंडीत स्वेटर काढताना कळतं, चटचट आवाज येतो ना, तीच बारीक ठिणगी. आपला उन्हाळाही तेवढाच कोरडा. रेक्झिनच्या सीटवरून पॉलिस्टरची पँट घासत उतरलात, तोंडाला सिंथेटिक दुपट्टा गुंडाळलेला, आणि लगेच हात टाकीच्या उघड्या तोंडाजवळ. सोपा उपाय, झाकण उघडायच्या आधी गाडीच्या एखाद्या उघड्या लोखंडी भागाला हात लावा, टाकीच्या तोंडापासून लांब. आणि दुपट्ट्याची टोकं टाकीवर लोंबू देऊ नका. मोबाइलचं म्हणाल तर बोर्डावर बंद ठेवा लिहिलेलं असतं आणि त्याच खांबावर पैसे पाठवायचा क्यूआर कोडही चिकटवलेला असतो, लोक हसतात ते बरोबरच आहे. मोबाइल पेट्रोलच्या वाफेत वापरायला बनवलेला नाही हे खरं, पण मला जास्त भीती वाटायची ती एका हातात फोन, एका हातात गाडी धरलेल्या माणसाची. पेट्रोल भरून झालं, झाकण लागलं, गाडी पुढं नेली, मग पैसे. बिडीबद्दल लिहायची गरज नसावी. तरी लिहितो, कानावर खोचलेली विझलेली बिडी चालते, हातातली "विझतच आली" वाली चालत नाही.

आता बाटलीचा विषय, आणि इथं शेतकरी माझ्यावर सगळ्यात जास्त चिडायचे. सोयाबीन-कपाशीच्या फवारणीचे दिवस आले की पेट्रोलवाल्या फवारणी पंपासाठी प्रत्येकाला लिटर-दोन लिटर पाहिजे आणि हातात असते पाण्याची प्लास्टिकची बाटली. नाही म्हटलं की "काहून नाई देत, पैशे नाई का माह्याजवळ?" पैशाचा प्रश्न नाही. पेट्रोलियम कायदा १९३४ चा आहे, त्यात विकायचं नसेल तर विनापरवाना ३० लिटरपर्यंत ठेवायची सूट आहे, पण भांडं काच-चिनीमातीचं असेल तर १ लिटरपर्यंत आणि धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंत, तेही घट्ट बुचाचं. प्लास्टिकचं नावच नाही. आणि हे नियम बघणारी पेसो नावाची जी केंद्राची संस्था आहे तिचं मुख्य ऑफिस दिल्ली-मुंबईत नाही, आपल्या नागपुरात सेमिनरी हिल्सला आहे. प्लास्टिकवर तोच स्टॅटिकचा चार्ज जमतो आणि तो कुठं जात नाही, शिवाय उन्हात बाटली फुगते, बूच उडतं. तेव्हा पत्र्याचा घट्ट झाकणाचा डबा आणा. तो गाडीच्या सीटवर किंवा हातात धरून भरायचा नाही, खाली जमिनीवर ठेवायचा, नोझल डब्याच्या तोंडाला टेकलेलं असू द्यायचं, आणि वर थोडी जागा सोडायची. गावातल्या दुकानात बाटलीतून जे मिळतं त्यात किती पाणी आणि किती काय हे विकणाऱ्यालाच माहीत, पण मुख्य म्हणजे ते जिथं ठेवलेलं असतं तिथंच बाजूला अगरबत्ती लागलेली असते.

वावरात गेल्यावरही एक चूक होते. फवारणी पंप पाठीवरच ठेवून, इंजिन गरम असताना दुसऱ्याकडून पेट्रोल ओतून घेतात. पंप खाली ठेवा, १० मिनिटं थंड होऊ द्या.

आणि नळी तोंडात धरून एका गाडीतून दुसऱ्या गाडीत पेट्रोल ओढणं बंद करा, हे खरंच हात जोडून सांगतो. घोटभर पोटात गेलं त्यापेक्षा थोडंसं फुफ्फुसात गेलं ते जास्त वाईट, न्यूमोनियासारखा त्रास होतो. गेलंच तर उलटी करवू नका, मीठ-पाणी पाजू नका, उलटीबरोबर ते परत फुफ्फुसात जातं. सरळ १०८ ला फोन. कपड्यावर पेट्रोल सांडलं असेल तर कपडे ओढून काढायच्या आधी पाण्याने भिजवा, तिथंही तेच स्टॅटिक. डोळ्यात उडालं तर १५ मिनिटं पाणी मारा.

रात्री रस्त्यात टाकीत किती उरलंय बघायला काडी पेटवणारे अजूनही आहेत. गाडी हालवा, आवाजावरून कळतं.

आग लागली तर काय, हे मी स्वतः चुकून शिकलोय. नोकरीचं पहिलं वर्ष, एकाच्या टाकीच्या तोंडाशी भपका झाला आणि मी घाबरून नोझल झटक्यात बाहेर ओढलं, हात खटक्यावरच दाबलेला. नोझलमधून पेट्रोलची धार जमिनीवर पडत गेली आणि आग त्या धारेवरून माझ्या मागे. सुपरवायझर काका होते म्हणून पावडरच्या सिलेंडरने विझलं, आणि नंतर मला जे बोलले ते इथं लिहिता येत नाही. बरोबर असं की खटका सोडायचा, नोझल आहे तिथंच राहू द्यायचं, मशीन बंद करायचं लाल बटण दाबायचं, सगळ्यांनी मागे सरकायचं. ग्राहक म्हणजे तुम्ही, गाडी वाचवायच्या मागे लागू नका, ओढू नका, पाडू नका, ओरडा आणि लांब पळा. पाणी मारायचं नाही, पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते. लाल बादल्यांतली रेती आणि पावडरचा सिलेंडर त्याचसाठी असतो, पिन काढून आगीच्या बुडाशी मारायचा.

आता दुसरी भानगड, पेट्रोल भरलं आणि गाडी चालूच होत नाही, किंवा दोन किलोमीटरवर बंद पडते, आणि माणूस परत येऊन पंपावाल्याला शिव्या देतो. दर वेळी पंपाची चूक नसते. आधी कॉक, म्हणजे टाकीखालचा पेट्रोलचा नळ बघा, बंद करून ठेवलेला असतो. मग झाकण. झाकणाचं बारीक भोक मातीने बुजलं असेल किंवा वर पन्नी गुंडाळली असेल तर टाकीत हवा जात नाही, पेट्रोल खाली उतरणं थांबतं. गाडी बंद पडल्यावर झाकण उघडा, "फुस्स" आवाज आला आणि गाडी परत चालू झाली तर दुखणं तेच. बीएस-४ म्हणजे २०१७ नंतरच्या गाड्यांना वाफ पकडायला कोळशाचा डबा असतो, गळ्यालोक भरलं की त्यात पेट्रोल शिरतं आणि गाडी ओव्हर झाल्यासारखी, म्हणजे इंजिनला पेट्रोल जास्त झाल्यासारखी करते. थोडी रेस देऊन चालू करा, तरी वास जात नसेल तर मेकॅनिककडं.

पावसाळ्यात पाणी हे कारण असू शकतं. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, इथेनॉल पाणी पितं आणि जास्त झालं की दोघं मिळून खाली वेगळे बसतात, आणि इंजिनला पेट्रोल जातं ते टाकीच्या बुडातूनच. पाणी तुमच्या फाटक्या झाकणातूनही गेलेलं असू शकतं हे लक्षात ठेवून मग भांडा. पंपावर फिल्टर पेपर मागायचा हक्क आहे, थेंब टाकला आणि उडून गेल्यावर डाग राहिला नाही तर पेट्रोल ठीक. माप कमी वाटलं तर ५ लिटरचं सील मारलेलं माप मागा, २५ मिलीपर्यंत फरक नियमात बसतो. गाडीखाली टपटप गळत असेल तर किक मारू नका, कॉक बंद करून कार्बोरेटरच्या वाटीला पान्ह्याने हळू ठोका, वाटीत पेट्रोल थांबवणारी फ्लोटची सुई अडकलेली असते. आणि वाटीतलं पेट्रोल काढायचं असेल तर इंजिन थंड झाल्यावर अंगणात, चुलीपासून लांब.

पेट्रोलच्या गाडीत चुकून डिझेल पडलं तर मात्र चाबीसुद्धा लावू नका. ट्रॅक्टरच्या लाईनीत उभं राहिलं की असं होतं, माझ्या हातूनही एकदा झालंय, गाडी चालू केली नाही म्हणून टाकी रिकामी करण्यावर भागलं. टाकी काढून पूर्ण ओता, वाटी साफ करा, थोडं पेट्रोल टाकून हलवून परत ओता, मग भरा. निघालेलं मिक्स मेकॅनिकला पार्ट धुवायला द्या, घरी नेऊन चूल पेटवायला वापरू नका, त्यात पेट्रोल आहेच.