नगररचनेची पदवी हाती आल्यावर: पहिली नोकरी आणि पहिलं संशोधन

नगररचना शिकलेल्यांना एकच एक ठरलेली नोकरी नसते. सरकारी नियोजन विभाग, सल्लागार संस्था, वाहतूक, गृहनिर्माण, पर्यावरण, आपत्ती व्यवस्थापन, जीआयएस (संगणकावर नकाशे आणि ठिकाणांची माहिती हाताळण्याचं काम), वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या संघटना, विद्यापीठं अशी बरीच दारं आहेत आणि गोंधळ त्यामुळेच होतो. म्हणून पदनाम पाहू नका, रोजचे आठ तास कशात जातात ते विचारा. नियोजन विभागात बराच वेळ परवानगीचे अर्ज तपासण्यात, नियमांचा अर्थ लावण्यात आणि हरकती ऐकण्यात जातो. सल्लागार संस्थेत निविदा, अहवाल आणि मुदती असतात. डेटाचं काम ऐकायला झगमगीत वाटतं, पण त्यातला मोठा भाग फायली साफ करण्याचा असतो.

एखादा आराखडा सर्वेक्षणापासून हरकतींच्या सुनावणीपर्यंत बघायला मिळेल अशा ठिकाणी पहिली दोन वर्षं काढावीत, पगार थोडा कमी असला तरी. नकाशावर 18 मीटर रुंदीचा रस्ता आखायला अर्धं मिनिट लागतं. त्या रेषेखाली कोणाची ओसरी गेली, कोणाच्या दुकानाचं शटर गेलं हे सुनावणीच्या खोलीतच कळतं, आणि ते एकदा कळलं की पुढची रेषा वेगळी पडते. मुलाखतीत सरळ विचारा: नवीन माणसाला जागेवर पाहणीला पाठवता का, आणि महिन्यातून किती वेळा?

पोर्टफोलिओ 15 ते 20 पानांचा पुरे. त्यात चार प्रकल्प घ्या, आणि ईमेलने सहज जाईल इतकी हलकी फाइल करा. प्रत्येक प्रकल्पात प्रश्न काय होता, माहिती कुठून आणली, काय सुचवलं आणि त्यात तुमचा स्वतःचा वाटा किती, एवढं लिहा. शेवटची गोष्ट हमखास राहून जाते. स्टुडिओचं, म्हणजे अभ्यासक्रमातल्या प्रकल्पांचं, काम गटात झालेलं असतं, सहा जणांच्या सहा पोर्टफोलिओंत तोच नकाशा दिसतो, आणि निवड करणाऱ्याला ते लगेच लक्षात येतं. ‘घरोघरीचं सर्वेक्षण आणि जमीनवापराचा नकाशा माझा’ असं स्पष्ट लिहा. नकाशावर स्केल, उत्तर दिशा, माहितीचं वर्ष आणि स्रोत हवेतच.

या चार प्रकल्पांपैकी एक तरी संपूर्ण तुमचा, लहान पण पक्का अभ्यास असावा. नोकरीच्या मुलाखतीत तोच चालतो आणि पीएचडीच्या अर्जातही तोच. ‘शहरी वाहतूक’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘या तीन प्रभागांतल्या किती लोकांना पायी पाच मिनिटांत बसथांबा गाठता येतो?’ हा प्रश्न. पायी पाच मिनिटं म्हणजे साधारण 400 मीटर धरू. तो सोडवायची रीत अशी.

थांब्यांची ठिकाणं जीटीएफएस फायलींतून (बससेवेचे थांबे आणि वेळापत्रक ठराविक साच्यात देणाऱ्या फायली) किंवा ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावरून घ्या. मग त्यांतले 20 थांबे चिठ्ठ्या टाकून निवडा आणि जागेवर जाऊन बघा. हललेले, बंद झालेले, रस्त्याच्या भलत्याच बाजूला टिंब पडलेले थांबे सापडतातच. किती चुकले ते अहवालात लिहा.

पुढची चूक प्रोजेक्शनची, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याच्या पद्धतीची. अक्षांश-रेखांशांतला थर (नकाशातली एका प्रकारची माहिती) उघडून त्यावर थेट 400चा बफर, म्हणजे थांब्याभोवती तेवढ्या अंतराचा पट्टा, काढला, तर क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर त्याला 400 अंश समजतं. वेब मर्केटर हे ऑनलाइन नकाशांचं प्रोजेक्शन वापरलं तर आकडा खरा वाटतो, पण विषुववृत्तापासून जितकं दूर जावं तितका तो फुगतो: 60 अंशांवर लांबी दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट. आपल्या भागाचा यूटीएम झोन (मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रोजेक्शनचा त्या भागासाठीचा पट्टा) निवडा आणि सगळे थर त्यात बदलून घेतल्यावरच मोजायला बसा.

आता खरा मुद्दा. थांब्याभोवती 400 मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं की सुमारे 50 हेक्टर भाग भरतो. पण माणूस वर्तुळातून चालत नाही, रस्त्याने चालतो. अगदी काटकोनी, बारीक जाळ्याच्या रस्त्यांवरही 400 मीटरांत पोचता येणारा भाग 32 हेक्टरच भरतो, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त लोक वर्तुळाने फुकट मोजले. मध्ये रेल्वेमार्गाची भिंत आली तर खिडकीतून दिसणारा थांबा पुलाला वळसा घालून पाऊण किलोमीटरवर जातो. म्हणून रस्त्यांच्या जाळ्यावर मोजा. त्याआधी जाळं तपासा: चौकात रस्त्यांची टोकं जुळलेली नसतील तर ती जोडा, आणि उड्डाणपूल खालच्या रस्त्याला चुकून जोडला गेलेला नाही ना ते पाहा.

पाच मिनिटांत 400 मीटर हा धडधाकट माणसाचा वेग झाला. सेकंदाला 0.8 मीटर चालणारी आजी तेवढ्या वेळात 240 मीटर जाते. दोन्ही अंतरांचे नकाशे शेजारी ठेवा. पहिल्या नकाशात थांब्याजवळ दिसलेल्या कितीतरी गल्ल्या दुसऱ्यात बाहेर पडतात. लोकसंख्या प्रभागभर सारखी पसरू नका, फक्त राहत्या इमारतींवर वाटा, नाहीतर मैदान आणि गोदामांतही माणसं दिसतील. शेवटी सीमा बदलून तेच गणित पुन्हा करा. प्रभागाऐवजी चौकोनी जाळी घेतल्यावर निष्कर्ष उलटत असेल तर तो शहराबद्दलचा निष्कर्ष नाही, तुमच्या सीमारेषांचा आहे.

सर्वेक्षण जोडणार असाल तर गणित आधी करा. 95 टक्के विश्वासपातळीवर (शंभरातल्या 95 वेळा अंदाज ठरलेल्या चुकीच्या आत राहावा) अधिक-उणे 5 टक्क्यांची चूक चालणार असेल तर सुमारे 385 उत्तरं लागतात, 10 टक्के चालत असेल तर 96. हे आकडे निवड यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, असेल तरच खरे. दुपारी दारं ठोठावली तर कामावर गेलेले सगळे निसटतात. संध्याकाळ आणि सुट्टीचा दिवस धरा. स्पेनमधल्या बार्सिलोनाचा विस्तार आराखडा (1859) करण्याआधी अभियंता इल्देफोन्स सेर्दा यांनी तिथल्या कामगारांच्या राहणीची आकडेवारी गोळा केली होती. घरात माणशी किती हवा मिळते हा प्रश्न त्यांच्यासाठी चौक आखण्याइतकाच महत्त्वाचा होता. आणि लोकांना फक्त माहिती दिली असेल तर अहवालात ‘लोकसहभाग’ लिहू नका. लोकसहभागाच्या अभ्यासक शेरी आर्नस्टाइन यांनी 1969 मध्ये सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, तिच्यात माहिती देणं ही तिसरीच पायरी आहे.

पीएचडीचं म्हणाल तर पदवीनंतर लगेच जाण्याची घाई नको. कामात असताना जो प्रश्न पुन्हा पुन्हा अडवतो तोच पुढची चार-पाच वर्षं पुरतो. मार्गदर्शकांना पहिलं पत्र एका पानाचं लिहा: प्रश्न, तो अजून का सुटला नाही, माहिती कुठून मिळेल आणि त्यांच्या कोणत्या कामाशी तो जोडला जातो. प्रबंधाचा लेख करताना शंभर पानं दाबून आठ हजार शब्दांत बसवू नका. एक युक्तिवाद उचला, त्याला लागणारे दोन नकाशे आणि एक तक्ता घ्या, बाकीचं दुसऱ्या लेखासाठी ठेवा. परीक्षकांचं उत्तर यायला महिने लागतात, म्हणून मूळ फायली वेगळ्या फोल्डरमध्ये न बदलता ठेवा आणि प्रत्येक पायरी एका साध्या मजकुराच्या फायलीत नोंदवा. ‘हा आकडा कसा आला?’ असं ते विचारतील तेव्हा ती फाइल उघडायची.