स्नायूपेशींवर शिसं-कॅडमियमचे प्रयोग: या चुका टाळा

लेड नायट्रेटचा स्टॉक फॉस्फेट बफरमध्ये पडला की द्रावण दुधाळ होतं. बरेच जण ते ढवळतात आणि तसंच पेशींवर ओततात. मात्रा कितीही वाढवली तरी फरक दिसत नाही, आणि वहीत नोंद होते: 'परिणाम नाही'. शिसं फॉस्फेटबरोबर साका होऊन तळाला बसलेलं असतं, पेशींपर्यंत पोचणार कुठून? बायकार्बोनेट असलेल्या द्रावणात हाच घोळ कार्बोनेटमुळे होतो. या कामाला हेपीस बफर घ्या, आणि स्नायूला कार्बोजेनऐवजी (म्हणजे ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडच्या मिश्रणाऐवजी) शुद्ध ऑक्सिजन द्या.

सीरमचंही तसंच. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून आणलेल्या सी2सी12 पेशी (उंदराच्या स्नायूपेशी) 10 टक्के सीरममध्ये वाढवतात. त्यातच कॅडमियम घातलं, तर बराचसा वाटा सीरममधलं अल्ब्युमिन हे प्रथिन धरून ठेवतं.

सर्वात जास्त फसवणूक सोडियम-पोटॅशियम पंप मोजताना होते. स्नायूच्या लगद्यात कॅल्शियम पंप भरपूर असतो. तोही एटीपी (पेशीला ऊर्जा देणारं रसायन) तोडतो, म्हणून त्याला गप्प करायला सवयीने 1 मिलिमोलर ईजीटीए, म्हणजे कॅल्शियम धरून ठेवणारं रसायन, घातलं जातं. नंतर त्याच नळीत 20 मायक्रोमोलर कॅडमियम! ईजीटीए कॅल्शियमपेक्षा कॅडमियमला कितीतरी घट्ट धरतं, त्यामुळे मोकळं कॅडमियम उरतच नाही. कॅल्शियम पंपासाठी थॅप्सिगार्गिन वापरा.

पुढचा सापळा वाबेनचा, म्हणजे सोडियम-पोटॅशियम पंप बंद पाडणाऱ्या औषधाचा. वाबेनने जेवढं काम थांबतं तेवढंच सोडियम-पोटॅशियम पंपाचं धरायचं असतं. पण उंदराच्या पंपाचा अल्फा-1 प्रकार वाबेनला दाद देत नाही. माणसाच्या पेशींना पुरणारी मात्रा तिथे घातली, तर पंपाचा तो वाटा हिशेबातूनच सुटतो. उंदीर-घुशींसाठी मिलिमोलर पातळी लागते. एटीपी तुटून सुटलेलं फॉस्फेट फिस्के-सुब्बाराव पद्धतीने, म्हणजे रंगाच्या गडदपणावरून, मोजत असाल, तर धातू घालून, पण एन्झाइमशिवाय, फॉस्फेटचा स्टँडर्ड एकदा लावून बघाच. धातूमुळे रंगच बदलत असेल तर ते तिथेच कळतं. 1925 ची पद्धत अजून उत्तम चालते, फक्त नळीत काय काय आहे ते तिला सांगता येत नाही.

फ्युरा-2 हे कॅल्शियम मोजायचं चमकणारं रंगद्रव्य वापरणाऱ्यांनी आणखी सावध राहावं. कॅडमियम आणि शिसं या रंगद्रव्याला कॅल्शियमपेक्षा घट्ट चिकटतात. 340 आणि 380 नॅनोमीटर प्रकाशातल्या चमकेचं गुणोत्तर चढलं की 'पेशीत कॅल्शियम वाढलं' असं लिहिण्याचा मोह होतो. तेव्हा टीपेन घालून बघा. ते जड धातू ओढून घेतं, कॅल्शियमला फारसं हात लावत नाही. गुणोत्तर खाली आलं, तर तो संकेत बहुतांशी धातूचाच होता.

आकुंचन मोजणाऱ्यांची गोष्ट वेगळी. उंदराचा पडदास्नायू फ्रेनिक नर्व्हमधून उत्तेजित केला आणि कॅडमियमने झटके थांबले, म्हणून स्नायू दोषी ठरत नाही. कॅडमियम नसेच्या टोकाशी कॅल्शियमची वाट अडवतं, त्यामुळे ॲसिटिलकोलीन सुटतच नाही. नसेचा संदेश स्नायूवर अडवणारं ट्युबोक्युरारिन देऊन थेट स्नायूला विजेचा झटका द्या, मग बोला. सांगाड्याच्या स्नायूला प्रत्येक झटक्याला बाहेरचं कॅल्शियम लागत नाही, हृदयाच्या स्नायूला लागतं. हृदयावरचा निकाल उचलून मांडीच्या स्नायूला लावणं म्हणूनच चुकीचं.

मात्रेचा हिशेबही एकदा करा. 1 मिलिमोलर शिसं म्हणजे डेसिलिटरला 20,700 मायक्रोग्रॅम. मुलांच्या रक्तासाठी अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने 2021 मध्ये ठरवलेली संदर्भ पातळी 3.5 मायक्रोग्रॅम आहे. एवढ्या मात्रेत पंप बंद पडला यात नवल ते काय?

पाऱ्याच्या बाबतीत 'डीटीटीने (थायॉल गट असलेल्या रसायनाने) परिणाम उलटला, म्हणजे प्रथिनातल्या थायॉल गटावरच, म्हणजे गंधक-हायड्रोजनच्या जोडीवरच, घाव होता' असा निष्कर्ष घाईचा ठरतो. डीटीटी द्रावणातला मोकळा पाराही गिळतं. म्हणून आधी पारा नीट धुऊन काढा, तेवढ्याने किती काम परत येतं ते मोजा, आणि मगच डीटीटी घाला. ते धुण्याचं पाणी मात्र बेसिनमध्ये ओतू नका. घातक कचऱ्याच्या बाटलीत लेबल लावून ठेवा.