वजन शंभरच्या पुढे गेलंय? आधी हे तपासा

माझ्या दादाचं वजन ११८ किलो. त्याच्या मानेवर मागे काळपट, जाडसर, हाताला मखमलीसारखा लागणारा पट्टा आला होता, आणि आई मळ समजून दोन वर्षं उटणं लावून घासत होती. तो मळ नव्हताच, इन्सुलिन नीट काम करत नाहीये याची खूण होती. मानेवर, काखेत असं दिसलं तर घासू नका प्लीज, शुगर तपासा.

सुरुवात शिंप्याच्या टेपने करा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावायची, श्वास सोडायचा, मग आकडा बघायचा. पॅन्टचा साईज धरू नका, पॅन्ट पोटाच्या खाली बांधलेली असते. आपल्या लोकांत पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० च्या पुढे धोका धरतात.

मग लॅबमध्ये उपाशीपोटी जा. शुगर १०० च्या वर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १५० च्या वर, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) पुरुषांत ४० आणि बायकांत ५० च्या खाली, बीपी १३०/८५ किंवा जास्त, आणि पाचवा तो कमरेचा घेर. यातले तीन जुळले की मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे डायबिटीस आणि हार्टचा धोका वाढवणाऱ्या गोष्टी एकत्र येणं. लिव्हरसाठी एसजीपीटी ही रक्ताची तपासणी करा पण तेवढ्यावर थांबू नका, फॅटी लिव्हर असूनही तो नॉर्मल येऊ शकतो, म्हणून डॉक्टरांना सोनोग्राफीचं विचारा.

बीपी मोजताना मोठा पट्टा मागून घ्या, लाजू नका. दादाच्या दंडाला नेहमीचा पट्टा पुरायचाच नाही, हवा भरली की टरकन सुटायचा, आणि लहान पट्ट्याने बीपी उगाच जास्त दिसतं. रात्री मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकणं, दिवसा पेंग येणं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय असं नसतं.

आता वजन. ११८ वरून एकदम ७० चं टार्गेट ठेवलं की माणूस महिन्याभरात सोडून देतो. पाच ते दहा टक्के, म्हणजे दादासाठी ६ ते १२ किलो उतरले तरी शुगर, बीपी, ट्रायग्लिसराइडमध्ये फरक दिसायला लागतो. मात्र शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर कोणीतरी सांगितलं म्हणून स्वतःच्या मनाने उपास सुरू करू नका, शुगर एकदम खाली जाऊ शकते, आधी डोस विचारून घ्या. आणि एचबीएवनसी ही रक्ताची तपासणी तीन महिन्यांनी परत करा, ती मागच्या दोन-तीन महिन्यांची शुगरची सरासरी सांगते त्यामुळे पंधरा दिवसांत करून काही कळत नाही.