परदेशी विद्यार्थी येण्याआधी विद्यापीठाने काय तयार ठेवावं

स्वागत समारंभाची तारीख सगळ्यात शेवटी ठरवा. आधी एक मोठा कागद घ्या आणि प्रवेशाचं पत्र मिळाल्यापासून पहिल्या परीक्षेपर्यंत त्या विद्यार्थ्याला कुणाकुणाच्या टेबलापुढे उभं राहावं लागतं, ते क्रमाने लिहून काढा. प्रवेश विभाग, लेखा विभाग, वसतिगृह, ग्रंथालय, आरोग्य केंद्र, परीक्षा विभाग. परदेशी विद्यार्थी कक्षात मी बरीच वर्षं काढली आहेत. मुलं आमच्या कक्षात क्वचित अडतात, अडतात ती या बाकीच्या टेबलांवर. तिथल्या माणसांना आपलाही यात वाटा आहे हे कुणी सांगितलेलंच नसतं.

मग त्या कागदावर गाठी शोधा. नेहमी सापडणारी गाठ अशी: बँक खातं उघडायला पत्त्याचा पुरावा हवा, तो वसतिगृहाने द्यायचा, वसतिगृह फी भरल्याशिवाय खोली देत नाही आणि लेखा विभाग म्हणतो फी स्थानिक खात्यातूनच भरा. प्रत्येक नियम आपापल्या जागी ठीक, पण मुलगा मात्र बॅग घेऊन पायरीवर बसलेला. ही गाठ कुलसचिवांनी सही करून एकदाच सोडवायची असते. नाव, अभ्यासक्रम, कालावधी आणि राहण्याचा पत्ता असलेलं एकच पत्र विमानात बसण्याआधी त्याच्या हातात असावं, पहिल्या दिवशी तात्पुरतं ओळखपत्र मिळावं आणि पहिला हप्ता परदेशी कार्डावर चालावा. विमानं रात्री-अपरात्री आणि रविवारीही उतरतात, त्यामुळे खोलीची किल्ली कुणाकडे असेल हेही त्याच पत्रात लिहा.

कागदपत्रं मागवताना हात आखडता ठेवा. दोन्ही देश परदेशी कागदपत्रं मान्य करण्याबद्दलच्या 1961 च्या हेग करारात असतील तर अपोस्टिलचा, म्हणजे कागदावरची सही खरी असल्याचा मूळ देशाचा सरकारी शिक्का पुरतो. त्यावर पुन्हा वकिलातीचा शिक्का मागणं म्हणजे मुलाचा महिना फुकट घालवणं.

आता सॉफ्टवेअर. हा विषय कंटाळवाणा वाटतो, म्हणूनच त्यावर कुणी वेळ घालवत नाही. एका सहकाऱ्याला बसवा आणि खोटा अर्ज भरायला सांगा: नाव एकच शब्दाचं, आडनाव नाही, फोन नंबर वेगळ्या लांबीचा, पत्त्याला पोस्टाचा कोड नाही. हाँगकाँग आणि संयुक्त अरब अमिरातीत असा कोड नसतोच. अर्ज पुढे सरकला नाही, तर खरा विद्यार्थीही तिथेच अडकणार. जगात एकाच नावावर आयुष्य काढणारी पुष्कळ माणसं आहेत. दुसरीकडे, पासपोर्टच्या तळाशी मशीनने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यात नावाला 39 जागा मिळतात; त्याहून लांब नाव तिथे कापलं जातं. अमेरिकेच्या व्हिसावर पहिलं नाव नसेल तर त्या जागी ‘एफएनयू’ (‘फर्स्ट नेम अननोन’, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) छापतात, आणि मग तो मुलगा हजेरीपटावरही ‘एफएनयू’ होऊन बसतो. शिक्षक बिचारे तेच नाव मोठ्याने पुकारतात! यावर इलाज सोपा आहे. पासपोर्टप्रमाणे एक नाव आणि हाक मारायचं दुसरं नाव असे दोन रकाने ठेवा, आणि शिक्षकांच्या यादीत दुसरं दिसू द्या. तारखेत महिना अक्षरात लिहा. 03/04 ही तारीख कुणी मार्चची वाचतं, कुणी एप्रिलची, आणि फीची मुदत टळते.

व्हिसाचे नियम फक्त कक्षाला माहीत असून भागत नाही. समजा, वर्गात मागे पडलेल्या मुलाला एखादे सर आपुलकीने म्हणाले, ‘हा विषय सोड, पुढच्या सत्रात घे.’ स्थानिक मुलासाठी हा चांगला सल्ला आहे. पण अमेरिकेत एफ-1 या विद्यार्थी व्हिसावरच्या पदवीच्या विद्यार्थ्याला साधारणपणे दर सत्रात किमान 12 क्रेडिट घ्यावे लागतात. नेमलेल्या अधिकाऱ्याच्या आगाऊ परवानगीशिवाय त्याखाली गेला तर त्याचं तिथलं राहणंच धोक्यात येतं. प्रत्येक देशाचे असे आपले नियम असतात. म्हणून शिक्षकांना एका पानाचा कागद द्या. त्यात कायदा समजावू नका. विषय सोडणं, लांब रजा, अभ्यासक्रम बदलणं, नोकरी या चार गोष्टींवर सल्ला देण्याआधी कक्षाला फोन करा, एवढंच लिहा. दोन पानं दिलीत तर कुणी वाचणार नाही.

व्हिसा उशिरा मिळाल्याने काही जण सत्र सुरू झाल्यावर पोचतील, हे धरूनच चाला. किती उशीर चालेल याची शेवटची तारीख आधीच जाहीर करा आणि बुडालेल्या तासांचं काय करायचं ते ठरवून ठेवा. नाहीतर दरवर्षी विभागप्रमुखाच्या मूडवर निर्णय होतो.

वर्गाबद्दल शिक्षकांचं एक ठरलेलं म्हणणं असतं, ‘भाषेची परीक्षा पास होऊन आलेत ना?’ आलेत. पण त्या परीक्षेत एका वेळी एक माणूस स्पष्ट बोलतो. तुमच्या वर्गात चौघं एकदम बोलतात आणि मधेच स्थानिक विनोद होतो. नव्या संज्ञा फळ्यावर लिहा, स्लाइड आदल्या दिवशी द्या. मागच्या वर्षीची एक उत्तम आणि एक बेताची उत्तरपत्रिका, नावं काढून, दाखवा. संदर्भ कसा द्यायचा हे पहिल्या निबंधाच्या आधी शिकवा आणि पहिल्या चुकीवर चौकशी समिती बसवू नका. विद्वानांचे शब्द जसेच्या तसे लिहिणं हा आदर समजणाऱ्या शाळांमधून काही मुलं आलेली असतात. आणि गट शिक्षकांनीच पाडावेत. ‘तुम्हीच गट करा’ म्हटलं की परदेशी मुलं शेवटी उरतात आणि उरलेल्यांचा एक गट होतो.

आधार कधी द्यायचा, याचाही विचार करा. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगोर यांनी अमेरिकेत जाऊन आलेल्या नॉर्वेच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीधारकांचा अभ्यास 1955 मध्ये प्रसिद्ध केला. सहा महिन्यांपेक्षा कमी किंवा दीड वर्षापेक्षा जास्त राहिलेल्यांपेक्षा मधल्या काळातल्यांचं कमी जुळलेलं दिसलं. पुढच्या अभ्यासांत मधे खाली जाणारा हा आलेख सगळीकडे उतरला नाही. काहींचा त्रास पहिल्याच दिवसांत सर्वांत जास्त निघाला. थोडक्यात, सगळी शक्ती पहिल्या आठवड्यात खर्च करू नका. पहिल्या सत्राच्या मध्यावर आणि दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला प्रत्येकाला नावाने बोलवा. ‘काही अडचण?’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’ येतं. ‘रविवारी काय केलंस?’ असं विचारा.

झेंडे घेऊन मिरवायचे ते ‘आंतरराष्ट्रीय दिवस’ मला फारसे पटत नाहीत. फोटो छान येतात, एवढंच. त्याच पैशात नव्या मुलांना मदत करणाऱ्या सोबती विद्यार्थ्यांना मानधन द्या. फुकट राबणारा सोबती परीक्षा जवळ आली की गायब होतो, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

सुट्ट्यांचं वेळापत्रक मात्र नीट तपासा. वसतिगृह आणि खानावळ बंद होते तेव्हा हजारो मैलांवरचं घर असलेला मुलगा जाईल कुठे? मार्च 2020 मध्ये हार्वर्डने 10 तारखेला सांगितलं की पदवीच्या विद्यार्थ्यांनी 15 तारखेपर्यंत खोल्या सोडाव्यात. जगभरच्या विद्यापीठांत तेव्हा असे निर्णय झाले. महामारी वारंवार येत नाही, सुट्टी दरवर्षी येते. एक इमारत बारा महिने उघडी ठेवा आणि तिथे स्वयंपाकाची सोय करा.

संकटं मायदेशातही येतात. जून 2023 मध्ये नायजेरियाने नायराचा दर मोकळा सोडला आणि त्याची किंमत कोसळली; घरून नायरात पैसे येणाऱ्यांची फी बसल्या जागी वाढली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुदानमध्ये युद्ध पेटलं. अशा वेळी फीची मुदत कोण वाढवणार, किती, आणि कुणाच्या सहीने, हे शांत काळात लिहून ठेवा. घरी मृत्यू झाला तर परीक्षेचं काय, याचंही उत्तर त्याच कागदावर असू द्या. आणि रात्री उचलला जाणारा एक फोन नंबर ठेवा, ज्यावर माणूस बोलेल.

शेवटी निरोपाचं काम. अनामत रक्कम परत करायच्या वेळी मुलाने स्थानिक खातं बंद केलेलं असतं, म्हणून परदेशी खात्याचा तपशील शेवटच्या सत्रातच घ्या. विद्यापीठाचा ईमेल निकालानंतर निदान वर्षभर चालू ठेवा. गुणपत्रकाची प्रमाणित प्रत मागायला स्वतः हजर राहायची अट असेल तर ती काढून टाका.