हेडसेटच्या आधी मीटर हातात घ्या: अणुऊर्जा केंद्रात एक्सआरचं काम करताना

"मॅडम, इथं खांदा जात नाही."

हेडसेट काढून हातात धरत आमचे फिटर मला म्हणाले. देखभालीसाठी केंद्र बंद ठेवतात त्या शटडाउनमध्ये एका व्हॉल्व्हचं ग्लँड पॅकिंग, म्हणजे गळती रोखणारं सील, बदलायचं होतं. त्या खोलीतला डोस रेट, म्हणजे दर तासाला अंगावर पडणारा किरणोत्सर्ग, जास्त, म्हणून आत शिरण्याआधी व्हर्च्युअल रिॲलिटीत तालीम ठेवली होती. खोलीचं लेझर स्कॅन, त्यावरून मॉडेल, पाइपांवरचे नंबरसुद्धा वाचता येतील इतकी बारकाई. तालमीत त्यांचा हात व्हॉल्व्हपर्यंत सहज पोहोचला, पाना पूर्ण फिरला. मी खूश होते. ते मात्र जागेवरच थांबले. मागच्या शटडाउनमध्ये शेजारच्या लाइनवर त्यांनी स्वतः जाड लॅगिंग, म्हणजे उष्णतारोधक आवरण, चढवलं होतं. आमचं स्कॅन त्याच्या आधीचं होतं. प्रत्यक्षात तिथे अंग आडवं करून शिरावं लागणार होतं आणि पाना जेमतेम अर्धा फिरणार होता.

मॉडेलमध्ये चूक अशी काही नव्हती. आम्ही जे भरलं तेच त्यानं दाखवलं. पण त्याच भरवशावर माणूस आत गेला असता तर पहिली काही मिनिटं "आता काय करायचं" यातच गेली असती. ताशी १ मिलीसिव्हर्टच्या जागी सहा मिनिटं घुटमळलं की ०.१ मिलीसिव्हर्ट (अंगावर पडलेला किरणोत्सर्ग मोजण्याचं एकक) अंगावर जमा होतो. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाची कामगारांसाठीची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलीसिव्हर्ट आहे, आणि कोणत्याही एका वर्षात ५०च्या वर जायचं नाही. त्या हिशोबात ०.१ छोटा वाटेल. पण एका शटडाउनमध्ये अशी शेकडो कामं असतात, आणि ती करणारी अनुभवी माणसं मोजकीच असतात.

या क्षेत्रात नव्यानं येणाऱ्यांना मी ही गोष्ट सगळ्यात आधी सांगते, कारण बहुतेक जण हेडसेटच्या प्रेमातून इथे येतात. मीही तशीच आले होते.

एक्सआर म्हणजे एक्स्टेंडेड रिॲलिटी, तीन गोष्टींचं एकत्र नाव: पूर्ण आभासी दृश्य, खऱ्या दृश्यावर चढवलेली माहिती, आणि या दोन्हींचं मिश्रण. व्याख्येत याहून जास्त वेळ घालवू नका. वेळ घाला तो किरणोत्सर्ग संरक्षणाच्या तीन शब्दांवर: वेळ, अंतर, शिल्डिंग (किरण अडवणारा आडोसा). एक्सआरचा सगळ्यात मोठा फायदा पहिल्या शब्दात आहे. कुठल्या दारानं जायचं, हत्यारं कोणत्या क्रमानं लागणार, दुसरा माणूस कुठे उभा राहणार, हे बाहेरच पक्कं झालं की आत फक्त काम उरतं. ही कल्पना नवी नाही. नॉर्वेतल्या हाल्डेनच्या संशोधकांनी जपानच्या फुगेन अणुभट्टीचं विघटन आखण्यासाठी 'व्हीआरडोस' नावाची प्रणाली बनवली होती. त्यात आभासी माणसाला खोलीत फिरवून त्याला किती डोस मिळेल याचा अंदाज घेता येई. फुगेन २००३ मध्ये बंद झाली, म्हणजे आजचे हेडसेट बाजारात येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. ब्रिटनमधल्या जेट या संलयन यंत्रात १९९८ मध्ये आतले भाग दूरनियंत्रित हातांनी बदलले, तेव्हाही चालक कॅमेऱ्याच्या जोडीला आभासी दृश्याची मदत घेत होते.

डोसचा रंगीत नकाशा खोलीवर चढवलेला पहिल्यांदा पाहाल तेव्हा थक्क व्हाल. लाल, पिवळा, हिरवा, सगळं एकदम स्वच्छ दिसतं. तिथेच सावध राहा. किरणोत्सर्गाचा सर्व्हे करणाऱ्यानं खोलीत मोजक्याच ठिकाणी मीटर धरलेलं असतं, मधली जागा सॉफ्टवेअर गणितानं भरून काढतं. पाइपच्या एखाद्या कोपऱ्यात किरणोत्सर्गी कोबाल्ट-६०चा कण अडकून बसला असेल आणि तो दोन मोजमापांच्या मध्ये असेल, तर नकाशावर तिथे हिरवा रंग निवांत पसरलेला दिसेल. रंग सलग आहे म्हणून माहितीही सलग आहे असं डोळ्यांना वाटतं. म्हणून आमच्या दृश्यांत जिथे खरोखर मोजलं तिथे एक ठळक ठिपका असतो, त्यावर आकडा आणि तारीख. दिसायला ते जरा ओबडधोबड वाटतं. मी ते काढू देत नाही.

याच्या मुळाशी असलेला धडा या उद्योगानं फार महागात शिकला आहे. २८ मार्च १९७९ला अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड केंद्राच्या दुसऱ्या युनिटमध्ये दाब कमी करणारा एक व्हॉल्व्ह उघडाच अडकला. कंट्रोल पॅनेलवरचा दिवा मात्र विझला होता, कारण तो दिवा व्हॉल्व्ह बंद करण्याची आज्ञा गेली एवढंच सांगत होता. व्हॉल्व्ह खरोखर बंद झाला का, हे तो दाखवतच नव्हता. दोन तासांहून अधिक काळ पाणी निसटत राहिलं आणि इंधनाचा मोठा भाग वितळला. कोणतंही नवं दृश्य बनवताना मी तो दिवा आठवते. पडद्यावर दिसणारी ही गोष्ट मोजलेली आहे, कोणी सांगितलेली आहे, की गणितानं काढलेली आहे? हे तीन प्रश्न ज्याला आपल्या मॉडेलबद्दल विचारता येतात तो या कामात टिकतो.

त्या अपघातानंतर कंट्रोल रूमच्या हुबेहूब सिम्युलेटरवरचं प्रशिक्षण जगभर रुळलं. पण फील्डवर जाणारा ऑपरेटर, फिटर, वेल्डर यांच्या वाट्याला मॉक-अप, म्हणजे सरावासाठीच्या प्रतिकृती, आले तेही निवडक कामांपुरते. ही उणीव एक्सआर भरून काढू शकतं असं मला मनापासून वाटतं, आणि सुरुवातही प्रशिक्षण आणि पूर्वतयारी यांपासूनच करावी. चालू प्लांटमध्ये एक्सआरचा चष्मा घालून फिरण्याचं स्वप्न दुसऱ्या टप्प्यावर ठेवा.

का, ते दारापाशी गेल्यावर कळतं. वायरलेस उपकरणाच्या लहरींनी जवळच्या संवेदनशील उपकरणांचं रीडिंग बिघडू शकतं, त्यामुळे काही भागांत ती चालतच नाहीत. प्लांटचं थ्री-डी मॉडेल ही स्वतःच सुरक्षेच्या दृष्टीनं नाजूक माहिती आहे, ती कोणाच्या तरी क्लाउडवर टाकता येत नाही. हेडसेटचा फोम दूषित झाला तर पुसून साफ होत नाही, मग अख्खा हेडसेट कचऱ्यात जातो. इंधनाच्या तलावाजवळ सुटा स्क्रूही पडता कामा नये, तिथे पट्ट्या आणि क्लिपा लोंबणारं यंत्र नेणं म्हणजे नवी काळजी. पूर्ण चेहऱ्याचा मास्क असेल तर त्यावर चष्मा बसतच नाही. तीव्र गॅमा किरणांमध्ये कॅमेऱ्याच्या चित्रात पांढरे ठिपके नाचायला लागतात. यातलं काहीही विकणाऱ्याच्या माहितीपत्रकात तुम्हाला सापडणार नाही, आणि परवानगी देणारा पहिल्याच बैठकीत हेच विचारेल.

आणखी एक. केंद्र साठ वर्षं चालवायचं असतं, हेडसेट मात्र काही वर्षांत बाजारातून जातो. होलोलेन्स २ हे २०१९चं उपकरण, २०२४ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. म्हणून मॉडेल, स्कॅन आणि कामाचे टप्पे एका कंपनीच्या बंद साच्यात अडकवू नका.

शिकायचं काय, हे मला अनेक जण विचारतात. गेम इंजिन, म्हणजे अशी आभासी दृश्यं बनवायचं सॉफ्टवेअर, शिकाच, ते काही महिन्यांत हाताशी येतं. पण त्याच्या आधी सर्व्हे करणाऱ्यांबरोबर फिरा, मीटर कसं धरतात ते बघा, वर्क परमिट कसं वाचतात ते शिका. दोन जोड हातमोजे घालून एकदा तरी नट सोडवा. आमच्या पहिल्या तालमीत लोक मोकळ्या हातांनी कंट्रोलर दाबत होते आणि वेळ फार छान येत होता. मग आम्ही हातमोजे, मास्क आणि खऱ्या वजनाचा पाना दिला. कामाची वेळ बरीच वाढली, आणि ती प्रत्यक्षाच्या खूप जवळ आली. हेडसेटनं चक्कर येणाऱ्यांना जबरदस्ती करू नका. त्यांच्यासाठी तीच तालीम मोठ्या पडद्यावर ठेवा, त्यांना कमी लेखू नका.

त्या लॅगिंगच्या प्रकारानंतर आम्ही प्रत्येक दृश्याच्या कोपऱ्यात स्कॅनची तारीख टाकली, आणि त्यानंतर त्या खोलीत झालेल्या बदलांची यादी. ती यादी भरायचं काम फिटर लोकांकडे दिलं. पुढच्या तालमीला तेच फिटर आले, हेडसेट चढवला, आणि व्हॉल्व्हकडे वळण्याआधी मान उजवीकडे वर करून त्यांनी तारीख मोठ्यानं वाचली.