हीटर थंड हवा फेकतोय? आधी कूलंट बघा

माझ्या गाडीचा हीटर गार पडला तेव्हा मी आधी डॅशबोर्ड उघडायला बसलो. शुद्ध वेडेपणा! हीटरची ऊब येते इंजिनच्या गरम कूलंटमधून (इंजिन गार ठेवण्यासाठी त्यात फिरणारा द्रव), त्यामुळे सुरुवात बॉनेटखालीच करायची.

इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटची पातळी बघा. गरम इंजिनचं रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, आतलं उकळतं पाणी अंगावर उसळतं. पातळी कमी असेल तर भरा, पण ते गेलं कुठे हेही शोधा. पायाखालची मॅट ओलसर, काचेवर चिकट वाफ आणि गोडसर वास असेल तर हीटर कोअर, म्हणजे डॅशबोर्डमागची हवा तापवणारी छोटी जाळी, गळतेय.

पातळी ठीक आहे? मग पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवून टेंपरेचरचा काटा बघा. तो खालीच रेंगाळत असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप, उघडा अडकलाय. माझं दुखणं हेच निघालं. बहुतेक थर्मोस्टॅट ८० ते ९५ अंशांच्या दरम्यान उघडतात. माझा कायमचाच उघडा होता.

काटा नीट चढतोय, तर हीटरकडे जाणारे दोन होज (रबरी नळ्या) पंख्यापासून हात लांब ठेवून जपून चाचपा. एक गरम, एक गार: कोअर तुंबलाय किंवा हीटरचा व्हॉल्व्ह बंद आहे. दोन्ही गार: हवा अडकली असेल, नाहीतर कूलंट फिरवणारा पंप बिघडला असेल. दोन्ही गरम असूनही हवा गार: ब्लेंड डोअर, म्हणजे गरम-गार हवा मिसळणारी झडप, अडकलंय. नॉब फिरवताना डॅशबोर्डमागे टकटक ऐकू आली, तर बहुधा त्याची मोटर गेलीय. डॅशबोर्ड उघडायचा तो आत्ता.