त्वचेची ताण-चाचणी : पहिली पट्टी कापण्याआधी

‘त्वचेचा यंग मोड्युलस किती?’, म्हणजे ती ताणायला किती ताठर, असा प्रश्न घेऊन प्रयोगशाळेत आलात, तर आधी तो प्रश्न बदला. त्वचेतले कोलॅजनचे धागे कुरळे असतात. ते सरळ होईपर्यंत बल नाममात्र लागते, मग आलेख एकदम उभा चढतो. त्यामुळे किती स्ट्रेनवरचा (मूळ लांबीच्या तुलनेत किती ताणल्यावरचा) मोड्युलस हे सांगावेच लागते. पट्टी कुठल्या दिशेने कापली तेही सांगा. लँगरच्या रेषांना (त्वचेतल्या नैसर्गिक ताणाच्या दिशांना) समांतर आणि आडवी, अशा दोन पट्ट्यांची उत्तरे जुळत नाहीत.

माणसाची त्वचा बहुधा पोटाच्या प्लास्टिक सर्जरीत काढलेली मिळते, तीही रुग्णाची संमती आणि एथिक्स कमिटीची मंजुरी असेल तरच. कुणीतरी विश्वासाने दिलेली ती पट्टी शिकण्यात वाया घालवू नका; हात बसेपर्यंत डुकराची त्वचा वापरा. चरबी खरवडून काढा आणि पट्टी सलाइनने भिजवलेल्या गॉजमध्ये ठेवा. सुकलेली त्वचा कडक होते.

सगळ्यात जास्त घोळ जाडीत होतो. समजा पट्टी 5 मिमी रुंद, 2 मिमी जाड आहे. क्षेत्रफळ 10 चौ. मिमी. कॅलिपरने ती 0.2 मिमी दाबली गेली तर क्षेत्रफळ 9 भरते आणि स्ट्रेस (बल भागिले क्षेत्रफळ) 11 टक्के फुगतो. म्हणून पट्टी दोन काचपट्ट्यांमध्ये न दाबता अलगद ठेवा, बाजूने स्केलसह फोटो घ्या आणि तीन ठिकाणी जाडी मोजा.

10 किलोपास्कलला या पट्टीवर बल येते जेमतेम 0.1 न्यूटन. 5 किलोन्यूटनच्या लोडसेलवर (बल मोजणाऱ्या सेन्सरवर) ते नॉइजमध्येच बुडते, 10 न्यूटनचा लावा. ग्रिपमध्ये सँडपेपर घाला, तरी पट्टी थोडी सरकतेच. मशीन ते सरकणेही ताणात धरते, म्हणून मधोमध शाईचे दोन ठिपके देऊन स्ट्रेन कॅमेऱ्याने मोजा. शेवटची दोन आवर्तने एकमेकांवर बसेपर्यंत, साधारण 5 ते 10 वेळा, पट्टी ताणून सैल करा. मग 0.05 न्यूटनला जी लांबी येईल ती मूळ लांबी, प्रत्येक नमुन्याला हाच नियम. 20 मिमीच्या पट्टीत 2 मिमी ढील राहिली तर आलेख 10 टक्के स्ट्रेनने उजवीकडे सरकतो.

आलेखावर गणिती मॉडेल फिट करताना ऑग्डेनच्या (रबरासारख्या खूप ताणल्या जाणाऱ्या पदार्थांसाठीच्या सूत्राच्या) एका पदापासून सुरुवात करा. एकाच दिशेच्या ताणावर तीन पदे बसवलीत तर रेघ सुरेख जुळते, पण गुणांकांचे वेगळे संचही तितकेच छान बसतात आणि दोन दिशांच्या ताणात भलतेच उत्तर देतात. सॉफ्टवेअर नॉमिनल स्ट्रेस (बल भागिले मूळ क्षेत्रफळ) मागते की कॉशी (बल भागिले ताणल्यावरचे क्षेत्रफळ), तेही आधी पाहा. आकारमान कायम धरले तर 1.3 पट ताणावर कॉशी स्ट्रेस नॉमिनलच्या 1.3 पट असतो.